वर्खावरचा पक्षी : हाताने रंगवलेली हमिंगबर्ड-चित्रे समजून घेताना

जुन्या हमिंगबर्ड-चित्रांच्या प्रती आता कॅफेच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवरही दिसतात, आणि त्यांच्या विक्रीच्या जाहिरातीत 'हाताने रंगवलेले लिथोग्राफ, लंडन, एकोणिसावे शतक' असे शब्द हमखास असतात. ते वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. चित्र छापलेले असेल तर ते हाताने रंगवलेले कसे, आणि हाताने रंगवलेले असेल तर त्याला छापचित्र का म्हणायचे? दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून मी असेच एक चौकटीतले चित्र विकत घेतले. घरी आल्यावर त्याच्यावर भिंग धरले, तर हिरव्या गळ्याच्या जागी निळे, पिवळे, गुलाबी असे बारीक ठिपके ओळीने मांडलेले दिसले. म्हणजे ते आजच्या छापखान्यातून आलेले साधे पोस्टर होते. वाईट वाटले ते पैशांपेक्षा एका वेगळ्या कारणाने: खऱ्या चित्रात ज्या गोष्टीसाठी माणसांनी बारा-बारा वर्षे खर्ची घातली, नेमकी तीच गोष्ट त्या पोस्टरात नव्हती. ती कोणती, हे नीट समजण्यासाठी सुरुवात पक्ष्यापासूनच करावी लागते.

हमिंगबर्ड आपल्याकडे असतो का?

नसतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फुएगोपर्यंत आढळतात, आणि त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. आपल्या अंगणातल्या जास्वंदीवर जो इवलासा, बाकदार चोचीचा, उन्हात जांभळा चमकणारा पक्षी येतो, तो शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी. तोही फुलांतला मध पितो, म्हणून पुष्कळ लोक त्याला हमिंगबर्ड समजतात. पण दोघांची कुळे अगदी वेगळी आहेत. तरीही पुढचा मुद्दा समजण्यासाठी शिंजीर फार उपयोगी आहे, कारण त्याच्याकडे पाहताना आपण सगळ्यांनी एक चमत्कार अनुभवलेला असतो. सावलीत तो कोळशासारखा काळा दिसतो, आणि मान जरा वळवून उन्हात आला की क्षणात जांभळा-निळा पेटतो. हमिंगबर्डमध्ये हाच प्रकार कित्येक पटींनी प्रखर असतो.

हा रंग मुळात रंग नाही

रंग दोन प्रकारे तयार होतो. पहिला प्रकार रंगद्रव्याचा. हळदीत पिवळे द्रव्य असते, ते प्रकाशातले काही रंग शोषून घेते आणि उरलेले परत पाठवते. हळद कुटली, भिजवली, कोणत्याही कोनातून पाहिली, तरी ती पिवळीच. दुसरा प्रकार रचनेचा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यावर पेट्रोलचा तवंग पसरतो आणि त्यात इंद्रधनुष्य दिसते. पेट्रोलमध्ये जांभळे किंवा हिरवे द्रव्य नसते. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, त्यात काही रंग बळावतात, काही मावळतात, आणि थराची जाडी किंवा आपला पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. अशा रंगाला आपण या लेखात 'रचनाजन्य रंग' म्हणू.

हमिंगबर्डच्या गळ्यावरचे माणिक किंवा पाचू अशा रचनेतूनच घडतात. पिसाच्या दांड्याला फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांना त्याहून बारीक उपफांद्या. या उपफांद्यांच्या आत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चकत्या, घावनांची चळत रचावी तशा एकावर एक रचलेल्या असतात, आणि प्रत्येक चकतीच्या पोटात हवेचे बारीक पोकळ कप्पे असतात. मेलॅनिन हे आपल्या केसांना काळा रंग देणारेच द्रव्य आहे. म्हणजे लखलखत्या हिरव्यामागे सामान काय, तर काळपट द्रव्य आणि हवा. मोराच्या पिसाची घडण थोडी निराळी असली तरी तत्त्व हेच आहे, आणि ते घरी पडताळता येते: मोरपीस उजेडाच्या बाजूला धरून त्याच्यातून पलीकडे पाहिले तर निळे-हिरवे नाहीसे होऊन ते तपकिरी दिसते.

आता चित्रकाराची अडचण लक्षात येईल. त्याच्या हाती आहे रंगद्रव्य, आणि समोर आहे असा पक्षी, ज्याच्या अंगावर त्या रंगाचे द्रव्यच नाही. उत्तम प्रतीचा हिरवा कागदावर लावला तर पान रंगेल, पाचू रंगणार नाही.

छापलेले किती आणि रंगवलेले किती?

यातले सर्वांत प्रसिद्ध काम जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाचे आहे. गूल्ड माळ्याचा मुलगा. पक्ष्यांच्या कातड्यांत भुसा भरून ते जिवंत वाटतील असे उभे करण्याच्या कौशल्यावर तो वर आला आणि लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेत नोकरीला लागला. हमिंगबर्ड कुळावरचा त्याचा सचित्र ग्रंथ १८४९ ते १८६१ या काळात २५ भागांत निघाला आणि त्यात ३६० चित्रे होती. १८८१ मध्ये गूल्डच्या मृत्यूनंतर पूर्ण झालेल्या पुरवणीत आणखी ५८ चित्रांची भर पडली. पाने सुमारे ५५ सेंटिमीटर उंचीची. ग्रंथ हातात धरून नव्हे, तर मेजावर ठेवून पाहायचा.

ही चित्रे लिथोग्राफीने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शब्दात शिळाछापाने छापली गेली. हा शब्द मराठीला परका नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावरच. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या स्वयंपाकघरातल्या अनुभवावर हे तंत्र उभे आहे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेन इथल्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते पक्के करायचे, मग शिळा ओली करायची. कोऱ्या भागावर पाणी टिकते आणि तेलकट रेघेवरून ते निसटते. त्यानंतर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. वर कागद ठेवून दाबले की चित्र उलटे होऊन कागदावर उतरते, म्हणून शिळेवर ते आरशातल्यासारखे काढावे लागते.

पण छापखान्यातून बाहेर येणारा कागद फक्त काळा-करडा असतो. पक्ष्याची बाह्यरेषा, पिसांची छाया, फुलाच्या पाकळ्या, डोळ्यातली छटा, एवढेच छापलेले. त्यानंतरचा प्रत्येक रंग, प्रत्येक प्रतीवर, कुंचल्याने भरलेला असतो. गणपतीची मूर्ती साच्यातून काढतात म्हणून तिची डोळ्यांची आखणी साच्यातून येत नाही. ती कारागिराच्या हातूनच होते. 'हाताने रंगवलेले छापचित्र' म्हणजे नेमके हेच: आकार साच्याचा, रंग हाताचा. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या कधीच नसतात.

मग चमक कशी आणली?

गूल्डच्या आधी पॅरिसमध्ये एक मोठा प्रयत्न झाला होता. ज्याँ-बाप्तिस्त ओदबेर याने १८०० च्या सुमारास झळाळत्या पिसांच्या पक्ष्यांची चित्रे तांब्याच्या पत्र्यांवरून छापताना छपाईतच सोन्याचा वापर केला. तो १८०० मध्येच वारला आणि ते काम व्हिएयो याने पुढे नेले. एडिंबराच्या विल्यम लिझार्स याने १८३३ मध्ये सामान्य वाचकांना परवडतील अशा छोट्या पुस्तकांसाठी हमिंगबर्डची कोरीव चित्रे काढली. तीही हातानेच रंगवली जात. पण ती साध्या जलरंगात, आणि त्यात पक्षी देखणा दिसला तरी पेटत नसे.

गूल्डने वेगळा मार्ग धरला. पक्ष्याच्या ज्या भागावर धातूसारखी चमक हवी, म्हणजे गळा, डोके, कधी पाठ, तिथे सोन्याचा वर्ख बसवायचा आणि त्याच्यावर पारदर्शक तैलरंग आणि वार्निश यांचे पातळ थर द्यायचे. काजूकतलीवर चांदीचा वर्ख असतो तसाच हा, फक्त सोन्याचा. पारदर्शक हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जाड हिरवा रंग दिला असता तर खालचे सोने झाकले गेले असते. पातळ थरातून उजेड आत शिरतो, सोन्यावर आपटतो आणि हिरवा किंवा लाल होऊन परत येतो. मिठाईच्या डब्यावरचा हिरवा चमकदार जिलेटिन कागद आठवा: खाली काळे पुठ्ठे असेल तर तो मळकट दिसतो, खाली चंदेरी पत्रा असेल तर झळाळतो.

या पद्धतीचा नमुना गूल्डने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडला. त्याच वर्षी त्याने रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात स्वतःच्या संग्रहातले भुसा भरलेले हमिंगबर्ड २४ काचपेट्यांत दाखवले. सहा पेन्स तिकीट होते, आणि ७५ हजारांहून अधिक लोक ते पाहून गेले. वर्खाच्या पद्धतीच्या श्रेयाबद्दल मात्र वाद आहे. फिलाडेल्फियाच्या विल्यम बेली यांनीही वर्खावर रंग देण्याची पद्धत बसवली होती आणि त्यांचा गूल्डशी पत्रव्यवहार होता. माझ्या मते शोध कोणाचा यापेक्षा तो हजारो कागदांवर उतरवला कोणी, हा प्रश्न अधिक विचारायला हवा.

रंगवले कोणी?

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत नावे असतात: गूल्ड आणि हेन्री कॉन्स्टंटाइन रिख्टर यांनी काढले, हुलमँडेल आणि वॉल्टन यांनी छापले. गूल्ड स्वतः कच्ची रेखाटने करी, कोणता पक्षी कुठे बसेल, मान कशी वळेल ते ठरवी. शिळेवरचे खरे चित्रण दुसऱ्याच्या हातचे असे. आधीच्या ग्रंथांत ते काम त्याची पत्नी एलिझाबेथ करत असे. १८४१ मध्ये बाळंतपणानंतरच्या तापाने ती गेली, तेव्हा ती अवघी ३७ वर्षांची होती. तिच्या हातची पहिली मोठी चित्रमाला आपल्या हिमालयातल्या पक्ष्यांची आहे, आणि हिमालयातल्या एका सूर्यपक्ष्याला १८३१ मध्ये तिचेच नाव देण्यात आले. शिंजिराच्या त्या नातेवाइकाला आजही शास्त्रीय नावात 'गूल्डिए' म्हणतात. एका चित्रकर्तीचे नाव निदान एवढे तरी राहिले.

रंगवणाऱ्यांचे नाव मात्र तळाशी कुठेच नाही. गूल्डचे हे काम गॅब्रिएल बेफील्डच्या कारखान्यात होत असे. मान्य झालेली एक नमुना-प्रत समोर ठेवायची आणि तिच्याबरहुकूम बाकीच्या रंगवायच्या, अशी रीत होती. त्या काळच्या लंडनमध्ये चित्रे रंगवण्याच्या धंद्यात स्त्रिया आणि मुलेही मोठ्या संख्येने असत. जरा हिशेब करून पाहा. ३६० चित्रांच्या फक्त शंभर प्रती काढायच्या म्हटल्या तरी ३६ हजार कागद होतात. प्रत्येकावर फुले, पाने, दोन-तीन पक्षी, आणि प्रत्येक पक्ष्याच्या गळ्यापुरता वर्ख, जो श्वासानेही उडतो. तो सुपारीएवढ्याही नसलेल्या जागेत सुरकुती न पाडता बसवायचा आणि वाळल्यावर रंगाचा थर चढवायचा.

अशी एक मूळ प्रत मला एकदा खिडकीजवळ धरून पाहायला मिळाली. समोरून पाहताना गळा मळकट पिवळसर-हिरवा वाटला आणि थोडी निराशाच झाली. मग कागद तिरपा केल्यावर उजेड वर्खावर आला आणि गळा एकदम उजळला. भिंगातून पाहिले तर खडूचे काळे दाणे रंगाच्या खालून दिसत होते, आणि एका पंखाच्या टोकाशी हिरवा रंग छापलेल्या रेघेच्या केसभर बाहेर गेला होता. त्या निनावी हाताची ओळख म्हणून माझ्या लक्षात तेवढीच खूण राहिली आहे.

तेव्हा रंगीत छपाई नव्हती का?

होती. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून एकाच कागदावर एकामागून एक रंग छापण्याचे तंत्र १८३० च्या दशकातच आले होते. त्याच घराण्यातली, आपल्या ओळखीची चित्रे म्हणजे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली. १८९४ मध्ये गिरगावात निघालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवू शकला, कारण त्यांतला रंगही छापला जात होता. लाखो घरांसाठी तो योग्य मार्ग होता. पण छापलेली शाई वर्खावरच्या पातळ वार्निशाचे काम करत नाही, आणि मोजक्या वर्गणीदारांसाठी निघणाऱ्या ग्रंथाला इतक्या शिळा तयार करण्याचा खर्चही परवडणारा नव्हता. गूल्ड शेवटपर्यंत हातानेच रंगवून घेत राहिला.

ही चित्रे विज्ञान म्हणून विश्वसनीय आहेत का?

काही बाबतींत पूर्ण, काही बाबतींत नाही, आणि ही रेषा नीट ओढायला हवी. पिसांची संख्या, चोचीचा बाक, शेपटीचा आकार, नर-मादीतला फरक या गोष्टी प्रत्यक्ष नमुने हाती घेऊन काढलेल्या असल्यामुळे मोलाच्या आहेत. हालचाल आणि परिसर यांबाबत मात्र सावध राहावे. गूल्डने पहिला जिवंत हमिंगबर्ड १८५७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात पाहिला. तोवर ग्रंथाचे काम सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. भोवतीची फुले पुष्कळदा वनस्पतींच्या उपलब्ध चित्रांवरून घेतलेली आहेत, त्यामुळे तो पक्षी त्याच फुलावर येतो असा अर्थ त्यांतून काढू नये.

पेरूमधल्या एका विलक्षण जातीचे उदाहरण यासाठी चांगले आहे. तिच्या नराला शेपटीत चारच पिसे असतात, आणि त्यांतल्या दोन लांब, उघड्या दांड्यांच्या टोकांना जांभळट-निळ्या गोल चकत्या लोंबतात. १८३५ मध्ये सापडलेला तिचा एक नमुना लंडनजवळच्या हॅकनीतील रोपवाटिकेचे मालक जॉर्ज लॉडिजेस यांच्या संग्रहात आला, आणि पुढची अनेक दशके युरोपला ती जात त्या एकाच नमुन्यावरून माहीत होती. गूल्डच्या ग्रंथातले तिचे चित्रही त्याच्यावरूनच बेतलेले. आकार बरोबर, पण नर या चकत्या हवेत फिरवून मादीपुढे कसे नाचतात, हे त्या चित्रकारांना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

रंगाच्या बाबतीतही एक मर्यादा आहे. वर्ख चमकतो, पण रंग पालटत नाही. जिवंत पक्ष्याचा गळा एका कोनातून माणकासारखा आणि दुसऱ्या कोनातून काळा दिसतो. वर्खावरचा लाल उजळतो किंवा मंदावतो, तरी राहतो लालच. म्हणजे त्या चित्रकारांनी झळाळी पकडली, पालट नाही. पैठणीच्या धूपछावेत निदान ताण्याचा एक आणि बाण्याचा दुसरा रंग असतो. कागदावर तेवढीही सोय नव्हती.

एवढ्या सौंदर्यासाठी किती पक्षी मेले?

हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. गूल्डच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने त्याचा संग्रह विकत घेतला, तेव्हा त्यात पाच हजारांहून अधिक हमिंगबर्ड होते. बोगोटासारख्या शहरांतून कातडी पेट्या भरभरून युरोपात येत, आणि त्यांतली पुष्कळशी शास्त्रज्ञांकडे नव्हे, तर टोप्यांच्या आणि दागिन्यांच्या व्यापाऱ्यांकडे जात. या चित्रांनी ती हौस वाढवली असेल, हे मला नाकारता येत नाही. त्याच कातड्यांमुळे आज संग्रहालयात बसून पिसांच्या रचनेचा अभ्यास करता येतो, हेही खरे आहे. रचनाजन्य रंग द्रव्यासारखा सहज विटत नाही, म्हणून दीडशे वर्षांपूर्वीचे पीसही चमकते. या दोन गोष्टींची वजाबाकी करून हिशेब मिटवणे मला बरोबर वाटत नाही.

आपल्या हातातले चित्र खरे आहे का?

साधे भिंग पुरते. नियमित ओळींतले रंगीत ठिपके दिसले तर ती आजची छपाई. ठिपके अनियमित, पण रंगही शाईचेच आणि कडेला एकमेकांवरून किंचित सरकलेले असतील, तर बहुधा जुनी बहुशिळा छपाई. काळ्या खडूचे दाणे आणि त्यांवर सलग, कुंचल्याच्या कडा असलेला रंग असेल, तर चित्र हाताने रंगवलेले आहे. इथेही घाई करू नये: जुनी काळी-पांढरी चित्रे काल-परवा रंगवून विकणारेही आहेत, त्यामुळे 'हाताने रंगवलेले' हे शब्द खोटे नसूनही फसवे असू शकतात. कागद, तळाची नावे आणि वर्खाचा भाग, हे तिन्ही जुळले पाहिजेत.

पडद्यावरच्या प्रतीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गूल्डच्या ग्रंथाची पाने अनेक ग्रंथालयांनी स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि रेषा पाहायला ती उत्तम आहेत. पण प्रतिमा घेताना उजेड शक्यतो सपाट आणि सारखा ठेवतात, चमक येऊ नये याची काळजी घेतात. वर्खाला नेमका तिरपा उजेड लागतो. म्हणून मुळात सर्वांत तेजस्वी असलेला गळा पडद्यावर बरेचदा चित्रातला सर्वांत मळकट, तपकिरी भाग दिसतो.